नाशिकमध्ये अंगणवाडी निवडताना

डिसेंबर २०२४ मध्ये सोसायटीच्या ग्रुपवर नर्सरीच्या ॲडमिशनची चर्चा सुरू झाली आणि आमच्याकडेही विषय निघाला. मुलीचा जन्म फेब्रुवारी २०२२चा. महाराष्ट्रात शाळाप्रवेशाचं वय ३१ डिसेंबर ही तारीख धरून मोजतात. २०२५-२६ साठी नर्सरीला १ जुलै २०२१ ते ३१ डिसेंबर २०२२ या काळात जन्मलेली मुलं चालणार होती, म्हणजे ती आरामात बसत होती. हाच धागा पुढे ओढला की २०२८ च्या जूनमध्ये पहिली. हे गणित आधी कागदावर मांडून ठेवा. खासगी नर्सरीवाले "आत्ता घेतलं नाही तर एक वर्ष वाया" असं सांगतात, तेव्हा ते उपयोगी पडतं.

आम्ही सिडकोत राहतो, म्हणजे कागदोपत्री नवीन नाशिक. नवरा अंबडच्या कंपनीत शिफ्टला, मी घरून हिशेबाची कामं करते, सासूबाई आमच्यासोबत. जानेवारीत दोन-तीन खासगी नर्सरी पाहिल्या. एकीने वर्षाचे ३८ हजार सांगितले, व्हॅन आणि 'ॲक्टिव्हिटी किट' वेगळं. दुसरी थोडी स्वस्त होती, पण तिथे तीन वर्षांची मुलं बाकावर बसून चार रेघी वहीत 'ए' गिरवत होती. पैशांचा प्रश्न होताच, तो लपवत नाही. पण ती वही पाहिल्यावर मला वाटलं, एवढे पैसे देऊन हेच मिळणार असेल तर आधी फुकटचं काय मिळतं ते तरी बघू.

आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं, नाव सगळेच घेतात, म्हणून त्याचं थोडक्यात. खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांचे अर्ज ऑनलाइन भरले जातात, २०२५-२६ साठी ते जानेवारीत होते. दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत लागतं, वंचित घटकांतल्या प्रवर्गांना उत्पन्नाची अट नाही. आम्ही दोन्हींत बसत नव्हतो. जे बसतात त्यांनी आणखी एक बघावं: प्रत्येक शाळेचा प्रवेशस्तर वेगळा असतो, काही ठिकाणी तो थेट पहिलीचा असतो. तिथे तीन वर्षांच्या मुलाला अर्जच करता येत नाही.

मग राहिली सरकारी बाजू. इथे पहिला गोंधळ असा की 'सरकारी नर्सरी' अशी पाटी कुठेच नसते. जे असतं ते अंगणवाडी. त्यातही शहरात दोन प्रकार. एक, एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या, म्हणजे १९७५ साली २ ऑक्टोबरला सुरू झालेली केंद्राची योजना. ती शहरात नागरी प्रकल्पांमार्फत चालते आणि तिचं आयुक्तालय नवी मुंबईत बेलापूरला आहे. दुसऱ्या महापालिका स्वतः चालवते त्या. शहराची हद्द ओलांडली की तिसरा कारभार, जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग. बाहेरून तिन्ही सारख्याच दिसतात, सगळ्यांना लोक 'बालवाडी' म्हणतात. पण काही अडलं की विचारायचं कोणाला, हे प्रकारावर ठरतं. म्हणून प्रत्येक ठिकाणी माझा पहिला प्रश्न हाच असायचा, "ताई, ही महापालिकेची की प्रकल्पाची?"

जुन्या शिक्षणसंस्थांची बालमंदिरं हा आणखी एक पर्याय. मराठी, मोकळी, फी बेताची. पण पूर्वप्राथमिकला राज्यात अनुदान नाही, त्यामुळे शाळा अनुदानित असली तरी तिची बालवाडी फीवरच चालते. आमच्या जवळच्या एका बालमंदिरात जागा होत्या, मात्र वर्ग दुपारी साडेबाराला सुरू व्हायचा. ती आमच्या मुलीची झोपेची वेळ. तो पर्याय तिथेच संपला.

अंगणवाड्या शोधायच्या कशा? नियम सांगतो की शहरी भागात ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक अंगणवाडी. म्हणजे आपल्या चालण्याच्या अंतरात तीन-चार तरी असायलाच हव्यात. पण त्या दिसत नाहीत. एखाद्या रो-हाउसच्या खालच्या खोलीत, समाजमंदिरात, शाळेच्या मागच्या बाजूला असतात, आणि पाटी असलीच तर उन्हाने उडालेली. मला खरी माहिती मिळाली महापालिकेच्या दवाखान्यात, लसीकरणाच्या दिवशी. तिथे आशाताई, सेविका, नर्स सगळ्या एकत्र असतात. मुलीच्या व्हिटॅमिन ए च्या डोससाठी गेले होते, तिथे एका आशाताईंनी माझ्या वहीच्या मागच्या पानावर गल्ल्यांचा नकाशाच काढून दिला. कोणती सेविका मुलांत रमते आणि कोणती नाही, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, पण त्यांचं म्हणणं पुढे बऱ्यापैकी खरं निघालं.

फेब्रुवारी कागदांत गेला. अंगणवाडीत नाव घालायला लागतं तेवढं असं: जन्मदाखला, मुलीचं आणि आईचं आधार, लसीकरणाचं कार्ड, आणि हाताशी असलेला मोबाइल, कारण ओटीपी येतो. मुलीचं आधार काढलेलं नव्हतं. पाच वर्षांच्या आतल्या मुलांचं निळं आधार निघतं. त्यात बोटांचे ठसे घेत नाहीत, फोटो काढतात आणि आई किंवा वडिलांच्या आधारशी जोडतात. नवीन आधार नोंदणी मोफत आहे. केंद्रावर कुणी पैसे मागितले तर पावती मागा, बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. केंद्रावर जन्मदाखल्यावरचं नाव आणि आईच्या आधारवरचं नाव ताडून बघतात. माझ्या आधारवर माहेरचं आडनाव आणि दाखल्यावर सासरचं, त्यामुळे आधी माझंच आधार दुरुस्त करावं लागलं. त्याचं शुल्क भरलं आणि जवळजवळ तीन आठवडे गेले. ज्यांची मुलं अजून दोन वर्षांची आहेत त्यांनी हे एक काम आत्ताच उरकून टाकावं.

मार्चमध्ये मी प्रत्यक्ष बघायला लागले. आधी फोन वगैरे केला नाही. सकाळी दहा-साडेदहाला मुलीला घेऊन जायचं, "नाव घालायचंय, जरा बसू का" म्हणायचं. कुणीही हाकललं नाही. खासगीत मला काचेच्या दारापलीकडून वर्ग दाखवला होता. इथे थेट चटईवर बसायला मिळालं. हा फरक मला पुढच्या सगळ्या तुलनेत मोठा वाटला.

घराला सगळ्यात जवळची अंगणवाडी भाड्याच्या खोलीत होती. दहा बाय बाराची खोली असेल. एका भिंतीला कपाट, त्यावर वजनकाटा, एका कोपऱ्यात गॅस नाही पण डब्यांची रांग, कारण जेवण बचत गटाकडून शिजून येतं. वीसेक मुलं. त्या दिवशी सेविका दारात उभ्या राहून फोन वर धरून होत्या, आत रेंज नव्हती. 'पोषण ट्रॅकर' या सरकारी ॲपवर हजेरी आणि फोटो भरायचे होते. मुलं आत मदतनीस मावशींच्या भोवती, काही रांगेत, काही भिंतीला नाक लावून. ताईंनी मला आत बसवलं आणि म्हणाल्या, "पाच मिनिटं हं." ती पाच मिनिटं अकरा वाजेपर्यंत चालली. मग त्या आत आल्या आणि मुलांना त्यांनी अर्धा तास असं काही खेळवलं की माझी मुलगी माझ्या मांडीवरून उठून गोलात गेली. बाई चांगल्या होत्या. त्यांचा वेळ दुसरंच कुणीतरी खात होतं.

दुसरी महापालिकेच्या एका शाळेच्या आवारात भरणारी. खोली मोठी, हवेशीर, भिंतींवर प्राणी आणि अंक रंगवलेले, मैदान समोर. कागदावर ही सगळ्यांत सरस. शौचालय मात्र मोठ्या मुलांसोबतच, आणि नळ तीन वर्षांच्या मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवर नाही. मधल्या सुट्टीत सातवीची पोरं धावत आली की लहानी दारातच थबकायची. मी मुलीला 'शू' ला नेलं आणि पायरी चढवताना माझ्या लक्षात आलं की मी नसताना ही पायरी ती कशी चढणार? हे विचारल्यावर सेविकाताई म्हणाल्या, "मावशी नेतात ना." मावशी एकच, मुलं पस्तीस. मी तिथून निघाले तेव्हा खोली आवडलेली होती आणि मन मानत नव्हतं.

तिसरी समाजमंदिरात. याच अंगणवाडीत मी सगळ्यात जास्त वेळ बसले. द्राक्षांचा हंगाम होता. सेविकाताईंनी बाजारातून घडाचे गळालेले सुटे मणी स्वस्तात आणले होते, काळे आणि हिरवे एकत्र. मुलांसमोर दोन ताटल्या आणि बाटल्यांची झाकणं ठेवली. आधी रंग वेगळे करायचे. मग प्रत्येकाने आपल्या झाकणात तीन मणी ठेवायचे, कमी पडले तर शेजाऱ्याकडून मागून घ्यायचे, जास्त झाले तर द्यायचे. एक मुलगा दर वेळी चौथा मणी तोंडात टाकत होता आणि "तीनच आहेत" म्हणून झाकण दाखवत होता. ताईंनी त्याला रागावलं नाही, "मग पोटात किती?" एवढंच विचारलं. खायच्या वेळी अगदी लहान्यांसाठी त्यांनी प्रत्येक मणी उभा चिरून दिला, घशात अडकू नये म्हणून. वर्गीकरण, मोजणी, देवाणघेवाण, सगळं पाव किलो द्राक्षांत झालं. केंद्राने ३ ते ६ वयोगटासाठी 'आधारशिला' नावाचा अभ्यासक्रम काढला आहे, त्याआधीपासून राज्यात 'आकार' वापरात होता. दोन्हींचा गाभा हाच: खेळातून, हाताळून, बोलून. त्या दिवशी तो पुस्तकाबाहेर पाहिला.

पण समाजमंदिराची अडचण मला तिथल्याच एका आईने सांगितली. साखरपुडा, बारसं, तेरावा, कुणाचंही काही असलं की हॉल दिला जातो. आदल्या दिवशी ताई ग्रुपवर टाकतात, "उद्या हॉल बुक आहे, आपण देवळाच्या ओट्यावर बसू." लग्नसराईत हे आठवड्याला एकदा तरी होतं, आणि मग वजनकाट्यापासून चटईपर्यंत सगळं कपाटात कोंबावं लागतं. भिंतीवर काही लावलं तर ते सोहळ्याच्या सजावटवाल्यांच्या हाती जातं.

चौथी मी जिद्दीने पाहिली, विल्होळीच्या बाजूला, महापालिका हद्दीच्या पलीकडची. माझी एक मैत्रीण तिकडे राहते. जिल्हा परिषदेची स्वतःची इमारत, कुंपण, मागे परसबाग, मेथी आणि शेवगा लावलेला. मुलांसाठी खरंच लहान उंचीचं शौचालय. नाशिक शहरात एवढी जागा कुणाकडेच नाही. ते बघून हळहळ वाटली. पण पाथर्डी फाट्यापुढे महामार्गावर रोज तीन वर्षांच्या पोरीला घेऊन जाणं, तेही नवऱ्याची पहिली शिफ्ट असताना, हे कागदावरसुद्धा जमत नव्हतं. शिवाय आमचा पत्ता त्यांच्या सर्व्हेत नाही.

सर्व्हेचा मुद्दा इथेच सांगते. प्रत्येक अंगणवाडीला वस्ती नेमून दिलेली असते आणि सेविका तिथल्या घरांची नोंद ठेवते. कायद्याने कुणी 'तुम्ही आमच्या गल्लीतले नाही' म्हणून दार लावेल असं मला दिसलं नाही, पण आहाराची मागणी नोंदलेल्या मुलांवरच येते. म्हणून बाहेरचं मूल घेताना सेविका कचरतात. त्यांचंही बरोबर आहे. ३ ते ६ वयाच्या मुलाच्या आहारासाठी २०१७ साली केंद्राने ठरवलेला दर दिवसाला ८ रुपये. त्यात ठरलेल्या कॅलरी आणि प्रथिनं बसवायची. नोंद नसलेलं एक ताट वाढलं तर ते दुसऱ्या ताटातूनच येतं.

समाजमंदिरातली अंगणवाडी मला हवी होती आणि आमचं घर पहिल्या, भाड्याच्या खोलीवालीच्या हद्दीत. एप्रिलमध्ये मी प्रकल्प कार्यालयात गेले. तिथे पर्यवेक्षिका मॅडम, ज्यांना मुख्य सेविका म्हणतात, आठवड्यातले बरेच दिवस भेटींवर असतात. त्यामुळे कधी भेटतील ते आधी सेविकेकडून विचारून जा, नाहीतर जिना चढून परत उतरावा लागतो. मी एकदा तसाच उतरले. भेटल्या तेव्हा मात्र त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "शेजारचीच अंगणवाडी आहे, दोन्ही माझ्याच बीटमध्ये. घ्यायला हरकत नाही. पण तुमच्या मुलीचं नाव आधी कुठे आहे ते बघा."

नाव कुठे असणार? मी तर घातलंच नव्हतं. समाजमंदिरातल्या ताईंनी आधार नंबर टाकला आणि समोर आलं निफाड तालुक्यातलं माझं माहेर. बाळंतपणाला मी तिकडे होते. गरोदरपणी आईच्या गल्लीतल्या सेविकेने माझं नाव घातलं होतं, त्यामागे मुलीचंही गेलं होतं. म्हणजे तीन वर्षं माझी मुलगी सरकारच्या लेखी निफाडला वाढत होती. एका मुलाची नोंद दोन ठिकाणी होत नाही. तिथून नाव हलवल्याशिवाय इथे घेता येत नव्हतं. आईला फोन केला, तिने त्या सेविकेला गाठलं. त्या म्हणाल्या, करते. मग लग्नाच्या तारखा, मग मे महिन्याच्या सुट्ट्या, मग त्यांचा फोन दुरुस्तीला. जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदाचं नाव सुटलं. इकडे ताईंनी ओटीपी मागितला तेव्हा मी भाजी मंडईत होते, तिथेच उभी राहून आकडे सांगितले.

माहेरी बाळंतपण झालेल्या सगळ्या बायकांना मी हे आवर्जून सांगते. आपल्याकडे ती रीतच आहे, त्यामुळे हा घोळ निम्म्या घरांत निघतो. जानेवारीतच सेविकेकडून आधार टाकून बघून घ्या.

१६ जून २०२५ ला विदर्भ सोडून राज्यात शाळा उघडल्या, त्याच आठवड्यात आमचीही सुरू झाली. अंगणवाडी तशी वर्षभर चालते, पण नवीन मुलं जूनमध्येच येतात. गणवेश नव्हता, फी नव्हती. मी घेतलं ते इतकंच: छोटी पाण्याची बाटली, एक ताटली-वाटी, जादा कपड्यांची पिशवी. पुढे एकदा पालकांकडून पन्नास रुपये जमवून ताईंनी चटया आणल्या. सासूबाई सुरुवातीला नाराज होत्या. "खिचडीच्या शाळेत घातलं म्हणतील लोक," असं त्यांनी दोनदा ऐकवलं. पहिला आठवडा मुलगी दारातच माझा पदर सोडेना. ताईंनी मला बाहेर पाठवलं नाही, पण आतही बोलावलं नाही. ओट्यावर बसायला सांगितलं, जिथून तिला मी दिसेन आणि मला ती. आठवडाभराने ओट्यावर सासूबाई बसायला लागल्या. त्या तिथे बसल्या बसल्या इतर मुलांची नाकं पुसायला लागल्या आणि खिचडीचा विषय पुन्हा निघाला नाही.

आहाराबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात. सकाळचा नाश्ता आणि नंतर गरम जेवण असतं. उसळ, खिचडी, लापशी असं आलटून पालटून. चव दिवसागणिक बदलते, बचत गटातली कोण बाई आज चुलीवर आहे यावर. माझी मुलगी घरी मटकीला हात लावत नाही, तिथे वीस पोरांत बसून खाते. दोनदा वरण पाणचट आलं. ताईंनी आमच्यासमोर नोंदवहीत शेरा लिहिला आणि आम्हा दोघा पालकांची सही घेतली. त्या वहीत पालकांना लिहिता येतं हे मला आधी माहीत नव्हतं. विचारा, मागा.

दर महिन्याला वजन आणि उंची घेतात. मुलींचा तक्ता गुलाबी, मुलांचा निळा. त्यात हिरवा, पिवळा, नारिंगी असे पट्टे. आमची हिरव्यात आहे पण पिवळ्याच्या जवळ, हे मला कोणत्याही महागड्या डॉक्टरने असं रेघ काढून दाखवलं नव्हतं. शाळेत जाणाऱ्या मुलांची तपासणी करणारं आरोग्य पथक, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, शाळांत वर्षातून एकदा येतं आणि अंगणवाडीत दोनदा. पावसाळ्यात आलेल्या पथकाने मुलीच्या मागच्या दाढेला सुरू झालेली कीड दाखवली आणि चिठ्ठी दिली. खासगी नर्सरीत हे पथक जात नाही. फी वाचते ती गोष्ट सगळे बोलतात, ही कुणी बोलत नाही.

आता जे नाही, तेही लिहायला हवं. इंग्रजी नाही म्हणावं इतकंच आहे. तीन ते सहा वर्षांची सगळी मुलं एकत्र बसतात, त्यामुळे पाच वर्षांचं हुशार मूल कधी कधी कंटाळलेलं दिसतं. ताई त्याला लहान्यांचा 'कॅप्टन' करतात, पण ते रोज पुरत नाही. सेविकांच्या मागे सर्व्हे, मतदार याद्या, बैठका, प्रशिक्षणं सतत असतात. त्या दिवशी मावशी एकट्याच मुलं सांभाळतात, म्हणजे खाणं होतं, शिकणं होत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मानधनासाठी राज्यभर संप झाला होता, तो जानेवारी २०२४ च्या शेवटापर्यंत चालला. ताई त्यात होत्या. पालक म्हणून तेव्हा कुणाची बाजू घ्यावी हे कळलं नसतं, असं मी त्यांना म्हटलं. त्या म्हणाल्या, "मुलांची घ्यायची. आम्हीही तीच घेतली होती." मला हे उत्तर पूर्ण पटलेलं नाही, पण त्यांचा कामाचा दिवस जवळून पाहिल्यावर वाद घालावासाही वाटत नाही. आणि हॉल बुक होतोच. श्रावणात दोनदा, गणपतीनंतर एकदा आम्ही देवळाच्या ओट्यावर होतो. पाऊस असेल तर सुट्टी.

तुलना करताना सुरुवातीला मी वहीत रकाने आखले होते: खोली, शौचालय, पाणी, खेळणी, अंतर, मुलांची संख्या. ते सगळं बघाच. पण शेवटी ज्याने फरक पडला तो रकाना माझ्याकडे नव्हताच. सकाळी साडेदहा ते साडेअकरा या तासात बाई मुलांत बसलेल्या आहेत की फोनवर, एवढंच. नियम, आहार, तक्ते, ॲप सगळीकडे एकच आहे. हा एक तास प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे. तो बघायला दोन वेगवेगळ्या वारी जा, आणि त्यातला एक वार महिन्याचा शेवटचा आठवडा सोडून निवडा, कारण तेव्हा सगळ्याच सेविका अहवालांत बुडालेल्या असतात.

पुढचं विचारणाऱ्यांसाठी: पहिलीच्या प्रवेशाला अंगणवाडीचा दाखला लागत नाही. जन्मदाखला पुरतो, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून कोणतीही शाळा मुलाला परत पाठवू शकत नाही. कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत-चाचणी घेता येत नाही. 'अंगणवाडीतून आलेली आहे, आधी टेस्ट घेऊ' असं कुणी म्हणालं तर हे दोन आकडे लक्षात असू द्या.

आमच्यासारखं हद्दीबाहेरच्या अंगणवाडीत जायचं असेल तर मार्चमध्येच पर्यवेक्षिकांना सांगून ठेवा. अर्ज साध्या कागदावर चालतो. मुलाचं नाव, आधार, आत्ता नाव असलेली अंगणवाडी, हवी असलेली अंगणवाडी आणि कारण एका ओळीत. आम्ही कारण 'आजी सोडायला येणार, रस्ता ओलांडावा लागत नाही' असं लिहिलं. दोन प्रती करा आणि एकीवर पोहोच घ्या. जूनमध्ये गेलात तर त्याच टेबलावर तुमच्यापुढे नव्या मुलांच्या नोंदींची रांग असेल.